आवरले तरी थांबत नाही : टुरेट सिंड्रोमची ओळख

टुरेट सिंड्रोम हा बालपणी सुरू होणारा, मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित विकार आहे. शरीराच्या एखाद्या भागाची अचानक, झटक्यासरशी आणि पुन्हा पुन्हा होणारी हालचाल, किंवा तसाच तोंडातून वा नाकातून निघणारा आवाज, याला वैद्यकात ‘टिक’ म्हणतात. हालचालींच्या एकाहून अधिक टिक्स आणि आवाजाची किमान एक टिक, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत सुरुवात, आणि पहिली टिक दिसल्याला वर्ष उलटून गेलेले. एवढे जमले आणि त्यामागे एखादे औषध किंवा दुसरा आजार नसला, की टुरेटचे निदान होते. दोन्ही प्रकारच्या टिक्स एकाच वेळी दिसायला हव्यात असेही नाही. या निदानासाठी रक्ताची तपासणी नाही की मेंदूचे स्कॅन नाही. मुलाकडे नीट पाहणे आणि घरच्यांना नीट विचारणे, हेच त्याचे साधन.

शालेय वयाच्या मुलांमध्ये टुरेटचे प्रमाण हजारी साधारण ३ ते ८ इतके मानले जाते. मुलग्यांमध्ये ते मुलींच्या तिप्पट-चौपट असते. म्हणजे हजारभर पटाच्या शाळेत अशी चार-पाच मुले असायला हरकत नाही. तरीही बहुतेक शिक्षक असे मूल आपण कधी पाहिले नाही असेच सांगतील. त्यांनी ते पाहिलेले असते; फक्त त्याला चाळे, वाईट सवय, ॲलर्जी किंवा लक्ष वेधून घेण्याची खोड अशी दुसरी नावे दिलेली असतात. उलट टुरेट हे नाव ज्यांच्या कानावर आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे भर रस्त्यात शिव्या देणारा माणूस उभा राहतो, जो या विकाराचा अपवादात्मक चेहरा आहे.

नेहमीचा चेहरा फार साधा असतो. वयाच्या चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या आसपास डोळे जोरात मिचकावणे सुरू होते. मग नाक मुरडणे, तोंड वाकडे करणे. पुढे मान झटकणे, खांदे उडवणे, पोट आत ओढणे. आवाजाच्या टिक्सही अशाच: घसा खाकरणे, नाक वर ओढणे, हुंकार, बारीकसा चीत्कार. काही टिक्स जास्त गुंतागुंतीच्या असतात. चालता चालता गिरकी घेणे, एखाद्या वस्तूला ठरावीक पद्धतीने हात लावणे, स्वतःच्या वाक्याचा शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे, समोरच्याचे शब्द जसेच्या तसे परत उच्चारणे. टिक्स एकाच जागी राहत नाहीत आणि सारख्या जोरातही राहत नाहीत. गणपतीत डोळे मिचकावणारे मूल दिवाळीपर्यंत ते विसरून जाते आणि घसा खाकरू लागते. घरच्यांना वाटते, एक सवय मोडली तर दुसरी लागली. परीक्षा, भांडण, जागरण यांनी टिक्स वाढतात. पण सहलीच्या आदल्या रात्रीच्या आनंदानेही वाढतात. तबल्यावर बोटे चालू असताना किंवा क्रिकेटमध्ये झेल टिपताना त्या कमी होतात, झोपेत बऱ्याचशा थांबतात. त्यांच्याविषयी बोलणे काढले तरी त्या उसळतात, त्यामुळे ‘बघा, आत्ता बघा कसा करतो’ म्हणून पाहुण्यांसमोर दाखवलेले मूल हटकून तसे करते.

टिक ही पूर्णपणे आपोआप होत नाही आणि पूर्णपणे मनाने केलेलीही नसते. टिक येण्याआधी त्या जागी काहीतरी जाणवते: दाब, खाज, ताण, किंवा नेमके सांगता न येणारे अपुरेपण. हालचाल केली की क्षणभर मोकळे वाटते, आणि पुन्हा तीच जाणीव गोळा होऊ लागते. येल विद्यापीठातील जेम्स लेकमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये टिक्स असलेल्या व्यक्तींना याविषयी विचारले, तेव्हा दहापैकी नवांहून अधिक जणांनी अशी पूर्वजाणीव असल्याचे सांगितले. जवळपास तितक्याच जणांनी, आपली टिक ही त्या जाणिवेला काही अंशी तरी स्वतःहून दिलेली प्रतिक्रिया असते, असेही सांगितले. लहान मुलांना मात्र हे बहुधा सांगता येत नाही. दहाएक वर्षांचे होईपर्यंत पुष्कळ मुलांना ती जाणीव वेगळी ओळखूच येत नाही, ‘का करतोस?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हे त्यांचे उत्तर खरे असते.

कुणालाही काही वेळ पापणी न लववता राहता येते, पण म्हणून पापणी लवणे हा हट्ट ठरत नाही. टिकचे काहीसे असेच आहे. ती काही काळ आवरता येते, आणि मुलाची सगळी पंचाईत तिथेच होते. डॉक्टरांच्या खोलीत पंधरा मिनिटे एकही टिक दिसत नाही आणि आईवडील खोटे पडतात. शाळेत मूल तासन्‌तास स्वतःला धरून ठेवते आणि घराच्या उंबरठ्यात पाऊल टाकताच टिक्सची सरबत्ती सुरू होते. शिक्षिका सांगतात, ‘वर्गात तर काहीच नाही.’ आईला वाटते, बाहेर शहाण्यासारखा राहतो, म्हणजे घरातच नाटके करतो. दोघींचे पाहणे खरे, निष्कर्ष चुकीचा. आवरता येते त्याअर्थी मुद्दाम केले जाते, हा तर्क टुरेटबाबतच्या बहुतेक अन्यायांच्या मुळाशी आहे. आवरलेल्या टिक्स नंतर दुप्पट होऊन बाहेर पडतात, असाही एक समज आहे. प्रयोगांमध्ये मात्र टिक्स आवरल्यानंतर त्यांचे प्रमाण मूळ पातळीच्या वर गेलेले आढळले नाही. घरी दिसतो तो फरक बराचसा लगाम सुटल्याचा असावा. पण तो लगाम धरायला लक्ष खर्ची पडते. फळ्यावरचे गणित उतरवून घेण्यासाठी जे लक्ष हवे, तेच मान न झटकण्यात गुंतलेले असते.

शिव्या किंवा अश्लील शब्द तोंडातून निघण्याला ‘कोप्रोलॅलिया’ म्हणतात. टुरेट असलेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्येच तो आढळतो, आणि निदानासाठी त्याची गरज नाही. ज्यांना तो असतो, त्यांच्या तोंडून त्यांचे मत बाहेर पडत नाही. त्या प्रसंगी जे सर्वांत निषिद्ध, नेमके तेच बाहेर पडते. स्कॉटलंडमधील गालाशील्स गावचे जॉन डेव्हिडसन हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या किशोरवयावर बीबीसीने १९८९ मध्ये ‘जॉन्स नॉट मॅड’ हा माहितीपट केला आणि ब्रिटनमधील एका पिढीला या विकाराची ओळख त्यातून झाली. २०१९ मध्ये टुरेटविषयीच्या जनजागृतीसाठी त्यांना एमबीई हा सन्मान मिळाला. तो स्वीकारायला गेल्यावर त्यांच्या तोंडून प्रत्यक्ष राणीलाच शिवी गेली. राणीने ते शांतपणे घेतले. त्यांच्या आयुष्यावर २०२५ मध्ये ‘आय स्वेअर’ हा चित्रपटही आला.

विकाराच्या नोंदी पॅरिसपासून सुरू होतात. १८२५ मध्ये झाँ इतार या फ्रेंच वैद्याने एका उमराव घराण्यातील स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले. सातव्या वर्षापासून तिला झटके येत आणि पुढे उच्चभ्रू मंडळींच्या गप्पांमध्ये तिच्या तोंडून अभद्र शब्द निघत. साठ वर्षांनी, १८८५ मध्ये, साल्पेत्रियेर रुग्णालयातील तरुण डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट याने नऊ रुग्णांवरचा निबंध लिहिला. त्यातली पहिली रुग्ण हीच स्त्री होती. तिला त्याने स्वतः कधी तपासले नव्हते. त्याचे गुरू झाँ-मार्तें शार्को यांनी विकाराला शिष्याचे नाव दिले. हा विकार घराण्यातून येतो, हे टुरेटने तेव्हाच ओळखले होते. पण मोठ्या रुग्णालयात पोहोचलेले, शिव्या आणि नकलांनी लक्षात राहणारे रुग्ण हाच त्याच्या निबंधाचा ऐवज होता, आणि विकाराची सार्वजनिक प्रतिमा त्या नऊ जणांवरून बेतली गेली ती आजतागायत पुरती सुटलेली नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणाचा जोर होता. टिक म्हणजे दडपलेल्या वासनेची वाट, असे मानून तिचा अर्थ लावला जाई, आणि त्या अर्थाच्या शोधात आईवडिलांना, त्यातही आईला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाई. हे चित्र बदलले ते एका औषधाने. हॅलोपेरिडॉलने टिक्स कमी होतात हे १९६०च्या दशकात दिसू लागले. न्यूयॉर्कचे आर्थर आणि एलेन शपिरो या दांपत्याने १९६८ मध्ये आपल्या रुग्णावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि हा मेंदूचा विकार आहे, हा मुद्दा जोराने मांडला. पाठोपाठ १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच काही पालकांनी एकत्र येऊन टुरेट असोसिएशन स्थापन केली. तेव्हा हा विकार अतिदुर्मीळ समजला जात होता. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘विटी टिकी रे’ या लेखात नोंदवले आहे की, पहिला रुग्ण पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यावर टुरेट असलेली तीन माणसे दिसली. माणसे आदल्या दिवशीही तिथे असणारच. दुर्मीळ होती ती ओळखणारी नजर.

कारणांबाबत इतके नक्की सांगता येते की, मेंदूचा पृष्ठभाग आणि खोलवरचे बेसल गँग्लिया व थॅलॅमस यांना जोडणाऱ्या वर्तुळाकार मार्गांचे काम वेगळे चालते. नको त्या हालचाली गाळून टाकणे हे या मार्गांचे एक काम. ती गाळणी टुरेटमध्ये सैल पडते. डोपामिन या रसायनाचा त्यात वाटा आहे. आनुवंशिकता ठळक आहे. जुळ्यांच्या १९८५ मधील एका अभ्यासात, एकाला टुरेट असताना दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकसारख्या जुळ्यांमध्ये ५३ टक्के आणि भिन्न जुळ्यांमध्ये ८ टक्के आढळले. एकच एक जनुक मात्र दोषी धरता येत नाही. अनेक जनुकांचा छोटा छोटा वाटा आणि त्यावर इतर घटक, असे हे मिश्रण आहे. लाड, मारझोड, मोबाइल किंवा टीव्ही यांनी टुरेट होत नाही. दृष्ट लागल्याने किंवा बाहेरची बाधा होऊन तर नाहीच.

टिक्स बहुधा १० ते १२ वर्षांच्या सुमारास ऐन भरात असतात आणि पौगंडावस्थेच्या शेवटी ओसरू लागतात. मोठेपणी ढोबळमानाने एकतृतीयांश जणांच्या टिक्स जवळजवळ जातात, एकतृतीयांश जणांच्या बऱ्याच कमी होतात आणि उरलेल्यांच्या टिकून राहतात. बुद्धी किंवा आयुर्मान यांवर विकाराचा थेट परिणाम होत नाही. खरा जाच अनेकदा टिक्सपेक्षा त्यांच्या सोबत्यांचा असतो. टुरेट असलेल्या दहापैकी आठ-नऊ जणांना आणखी किमान एक अडचण असते: लक्ष न लागणे व अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, मंत्रचळ म्हणजे ओसीडी, चिंता, अचानक संतापाचे झटके, अध्ययन अक्षमता. टिक्स उठून दिसतात म्हणून पालक त्यांच्या मागे लागतात, आणि मार्क कमी का पडतात याचे उत्तर देणारी एडीएचडी तशीच राहून जाते.

निदानापर्यंतची वाट वाकडी असते. डोळे मिचकावतो म्हणून नेत्रतज्ज्ञ, नाक ओढतो म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ, सतत खोकल्यासारखा आवाज काढतो म्हणून दम्याची औषधे. जोराच्या झटक्यांना आकडी समजले जाते. पण टिक चालू असताना शुद्ध शाबूत असते, मूल बोलत राहू शकते आणि थोडा वेळ ती आवरूही शकते. डॉक्टरांसमोर टिक्स गायब होत असल्याने घरी मोबाइलवर काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ अशा वेळी फार उपयोगी पडतो. बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ हे निदान करू शकतात. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, अनेक देशांत डॉक्टरांकडे किशोरवयीन मुलींची वेगळीच गर्दी झाली. एका दिवसात सुरू झालेल्या, हातांच्या मोठ्या हालचाली आणि लांबलचक शब्द असलेल्या, समाजमाध्यमांवरील व्हिडिओंशी मिळत्याजुळत्या अशा त्या टिक्स होत्या. तज्ज्ञांनी त्यांना टुरेटपासून वेगळे, ताणातून उद्भवणारे ‘फंक्शनल’ वर्तन मानले. त्या मुली ढोंग करत होत्या असा याचा अर्थ नाही. त्यांचा त्रास खरा होता, उपचार निराळे होते.

प्रत्येक टिकवर उपचार करायचा नसतो. मुलाला दुखत नसेल, शिकण्यात-खेळण्यात अडचण नसेल, तर समजावून सांगणे आणि दुर्लक्ष करणे एवढे पुरते, आणि सौम्य टिक्ससाठी हाच सर्वांत शहाणा सल्ला आहे. त्रास होत असेल तर पहिली निवड वर्तनोपचाराची. त्याची मूळ पद्धत नेथन अझ्रिन आणि रॉबर्ट नन यांनी १९७३ मध्ये मांडली. मूल आधी ती पूर्वजाणीव ओळखायला शिकते. जाणीव आली की टिकशी एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी साधी क्रिया ते करते: मान झटकण्याची टिक असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलकेच ताणून धरणे, आवाजाची असेल तर नाकाने सावकाश श्वास घेणे-सोडणे. ऊर्मी ओसरेपर्यंत, साधारण मिनिटभर. या पद्धतीच्या विस्तारित रूपाची, ‘सीबिट’ची, चाचणी अमेरिकेत १२६ मुलांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दहा आठवड्यांत आठ बैठका झाल्यावर सीबिट घेतलेल्यांपैकी ५२.५ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. नुसता आधार आणि माहिती मिळालेल्या गटात ती १८.५ टक्के होती. ‘मनावर घे म्हणजे थांबेल’ या उपदेशाशी या पद्धतीचे नाते नाही. उपदेशात मुलाच्या हाती काहीच दिलेले नसते, इथे नेमकी क्रिया दिलेली असते.

औषधांमध्ये क्लोनिडिन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन ही सध्या अधिक वापरातली. हॅलोपेरिडॉल आणि पिमोझाइड ही जुनी. ती टिक्स कमी करतात, मुळापासून घालवत नाहीत. झोप येणे, वजन वाढणे, स्नायू अवघडणे यांसारखे दुष्परिणाम तोलूनच ती दिली जातात. एखाद-दुसरी त्रासदायक टिक असेल तर त्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. कशालाच दाद न देणाऱ्या मोजक्या प्रौढ रुग्णांमध्ये मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया १९९९ पासून केली जात आहे.

भारतात टुरेट हे नाव घरोघरी पोहोचले ते २०१८ मधील ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटामुळे. टुरेट असलेले अमेरिकी शिक्षक ब्रॅड कोहेन यांच्या ‘फ्रंट ऑफ द क्लास’ या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. कथा मुंबईतील शाळेत आणलेली असून शिक्षिकेची भूमिका राणी मुखर्जी यांनी केली आहे. शिव्यांच्या ठोकळेबाज चित्राला त्यात थारा नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र मध्यंतराकडे जाताना चित्रपट बिघडलेल्या वर्गाच्या सुधारणेकडे वळतो आणि टिक्स नायिकेने जिंकायचा एक अडथळा एवढ्यापुरत्या उरतात. गोलरक्षक टिम हॉवर्ड किंवा गायक लुइस कपाल्डी यांची उदाहरणेही जनजागृतीत नेहमी येतात. सॅक्स यांनी लिहिलेला, शस्त्रक्रिया करताना हात स्थिर ठेवणारा कॅनडातील शल्यविशारद तर चकित करतो. अशी उदाहरणे धीर देतात, पण सातवीतल्या मुलाला शल्यविशारद होऊन स्वतःला सिद्ध करायचे नसते. त्याला उद्याचा दिवस वर्गात काढायचा असतो.

तो दिवस परिपाठापासून सुरू होतो. राष्ट्रगीताला सावधान उभे असताना खांदा उडाला की तो अवमान ठरतो. मराठीच्या तासाला प्रकट वाचन करताना मध्येच हुंकार आला की वर्ग हसतो, आणि पुढच्या वेळी मूल वाचायला उभेच राहत नाही. डोळा मिचकावण्याच्या टिकमुळे किशोरवयीन मुलावर छेड काढल्याचा आळ येऊ शकतो. परीक्षेत मान एका बाजूला वळते आणि पर्यवेक्षकाला कॉपीचा संशय येतो. यातली एकही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीने सुटत नाही. मुख्याध्यापकांशी झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने बरीच सुटते. मागच्या बाजूचा किंवा दाराजवळचा बाक, टिक्स अनावर झाल्या तर न विचारता पाच मिनिटे बाहेर जाऊन येण्याची मुभा, परीक्षेला वेगळी खोली आणि थोडा जादा वेळ, आणि शिक्षकांनी टिककडे खरोखर दुर्लक्ष करणे, एवढ्यावर बहुतेक मुलांचे निभते. वर्गातल्या मुलांना सांगायचे की नाही आणि कुणी सांगायचे, हे मात्र त्या मुलाला विचारून ठरवावे लागते. आधी न विचारता वर्गापुढे केलेले भाषण हे त्याच्यासाठी आणखी एक प्रदर्शन असते.

जनजागृतीसाठी अमेरिकेत १५ मे ते १५ जून हा महिना पाळला जातो. भारतात या विषयाचे स्थान कायद्याच्या कागदावर अजून अस्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. दीर्घकालीन मज्जाविकारांची उदाहरणे म्हणून त्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन यांचा उल्लेख आहे. टुरेटचे नाव स्वतंत्रपणे नाही. सोबत विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा ऑटिझम असेल, तर त्या नोंदीखाली प्रमाणपत्राची आणि परीक्षेतील सवलतींची वाट उघडते. नुसत्या टिक्स असलेल्या मुलाच्या पालकांकडे मात्र तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र आणि शाळेचा समजूतदारपणा एवढेच असते. म्हणून ते पत्र नेमके लागते. निदानाचे नाव, टिक्स कोणत्या आणि त्या हेतुपुरस्सर नाहीत हे स्पष्ट विधान, परीक्षेत काय घडू शकते आणि कोणती सोय हवी, हे सगळे त्यात असावे. एक प्रत वर्गशिक्षकांकडे आणि एक परीक्षा केंद्राकडे आधीच पोहोचलेली असावी, कारण ऐन पेपराच्या वेळी पर्यवेक्षकाला टुरेट म्हणजे काय हे समजावून सांगायला मुलाकडे वेळ नसतो.